शिकाऊंची मोजणी

बाईंना प्रशिक्षणावर टाकलं ते शिक्षा म्हणून. संस्थेचे तेव्हाचे प्रमुख एका अहवालावर त्यांची सही मागत होते आणि बाई म्हणाल्या होत्या, मोजणी मी केलेली नाही, सही मी करणार नाही. महिन्याभरात त्यांची खोली बदलली, टेबल बदललं आणि कामही बदललं. नव्याने नेमलेल्या तरुण शास्त्रज्ञांना जमिनीच्या पोटातली मोजणी कशी करायची, आकडे कसे गोळा करायचे आणि त्या आकड्यांतून खालच्या थरांचं चित्र कसं काढायचं, हे शिकवण्याचं काम. संस्थेत ते कुणालाच नको असायचं. त्यात बढती नव्हती, परदेशवारी नव्हती, शोधनिबंधावर नाव नव्हतं. पोरं सांभाळायचं काम, असं लोक म्हणत. आणि पोरं सांभाळायला बाईमाणूस बरं, असं मनातल्या मनात म्हणत असणार.

बाईंच्या वाट्याला मागच्या अंगणातलं जुनं गॅरेज आलं. पत्र्याचं छप्पर, भिंतीवर लटकवलेली केबलची वेटोळी, कोपऱ्यात चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या आणि त्यांचा आंबूस वास, दाराशी चिखलाने माखलेल्या बुटांची रांग. दरवर्षी आठ-दहा जणांची तुकडी तिथे येई. सगळी मोठमोठ्या पदव्यांची. संगणकावर अख्खी पृथ्वी कांद्यासारखी सोलून दाखवतील, पण घण कुठे धरायचा हे ठाऊक नाही. बाई पहिल्याच दिवशी सांगत, जमिनीला तुमची पदवी दिसत नाही, तिला फक्त तुमची खुंटी लागते.

खुंट्या म्हणजे पोलादी सळया. त्या ओळीने जमिनीत ठोकायच्या, त्यांतून वीज सोडायची आणि जमीन तिला किती अडवते ते मोजायचं. ओली माती विजेला वाट देते, कोरडा खडक अडवतो. दुसरी रीत घणाची. जमिनीवर लोखंडी पाट ठेवून त्यावर घण घालायचा आणि तो हादरा ओळीतल्या एकेका यंत्रापर्यंत किती वेळात पोचतो ते टिपायचं. भुसभुशीत मातीत तो रेंगाळतो, खडकात पळतो. काम एवढंच. पण हे एवढंच काम नीट करायला शिकण्यात वर्ष जाई.

सरावासाठी बाई त्यांना गावाबाहेरच्या उतारावर नेत. दुसरीकडे नेता आलं नसतं, कारण शिकाऊंच्या गाडीला डिझेल मिळे तेच तेवढ्या अंतराचं. त्यामुळे दरवर्षी तोच उतार, त्याच ओळी, पावसाआधी एकदा आणि पावसानंतर एकदा. आणि बाईंचा एक हट्ट असे, तो म्हणजे चूक लिहायची. खुंटी सैल बसली, लिहा. केबलवरून कुणाची सायकल गेली, लिहा. मोजताना डुलकी लागली, तेही लिहा. चुकलेला आकडा पुढचा माणूस सावरून घेतो, लपवलेला आकडा त्याचा गळा कापतो, असं त्या म्हणत. नवी पोरं सुरुवातीला हसत, मग वैतागत, आणि वर्ष संपता संपता बहुतेकांना ती सवय अंगवळणी पडे.

या पोरांत बाईंचा सगळ्यात लाडका होता तो वकील. वकील हे त्याला बरोबरच्यांनी ठेवलेलं नाव. कशावरही वाद घालायचा, आणि हरत आला की मुद्दाच बदलायचा. अंगावर धड स्वेटर नसायचा, पण जीभ अशी की समोरच्याने स्वतःचा स्वेटर काढून द्यावा. बाईंनी त्याला घरी जेवायला बोलावलं, एकदा तापात फणफणला तेव्हा आठवडाभर घरी ठेवून घेतला. त्याचं मोजणीचं काम त्या पुढच्या तुकड्यांना नमुना म्हणून दाखवत. परदेशी जाण्यासाठी त्याला शिफारस हवी होती तेव्हा बाईंनी ती अशी लिहिली, की स्वतःच्या धाकट्या भावासाठीही कुणी लिहिली नसेल. तो गेला, मोठा होऊन परतला आणि बाई निवृत्तीला आल्या तेव्हा संस्थेचा प्रमुख होऊन बसला होता. चारचौघांत बाई त्याला अहो-जाहो करू लागल्या. नका हो बाई, असं तो पहिल्यांदा म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणाला नाही.

धाकटा भाऊ बाईंना होता, आणि तोच त्यांचा संसार. आईवडील लवकर गेले. बाईंनी त्याला शिकवलं, एका मालवाहतुकीच्या कंपनीत चिकटवलं, त्याचं लग्न लावलं. स्वतःचं राहून गेलं. संस्थेच्या तीन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये बाई, धाकटा, भावजय आणि त्यांची मुलगी अशी चार माणसं राहत. भाची स्वयंपाकघरातल्या टेबलावर अभ्यास करी आणि जेवायची वेळ झाली की वह्या फ्रिजवर ठेवी. भावजय तोंडाची फटकळ, पण हाताची उदार. बाई उतारावरून आल्या की गरम पाण्याची बादली तयार असे. त्यांच्या बुटांचा चिखल खरवडता खरवडता ती म्हणे, ताई, जग सोनं शोधायला जमीन उकरतं, तुम्ही घरी आणता ती मातीच.

क्वार्टर निवृत्तीनंतर सोडावं लागणार होतं. घराची चिंता धाकट्याला लागली ती तेव्हापासून.

बाईंच्या शेवटच्या तुकडीत एक मुलगी होती. बारीक, टोकदार नाकाची, बोलायची थोडं पण बरोबर टोचेल असं. पोरांनी तिचं नाव टाचणी ठेवलं. तिला एक कल्पना सुचली. प्रत्येक तुकडी आपापल्या वर्षाचे आकडे आपापल्या पद्धतीने हाताळायची आणि चित्र काढून मोकळी व्हायची. टाचणीने सगळ्या वर्षांचे मूळ आकडे काढले, चुकांच्या नोंदी वाचून शंकास्पद ते वगळले आणि उरलेल्यांवर एकसारखी प्रक्रिया केली. मग चित्रं ओळीने लावली आणि बाईंना हाक मारली.

उताराच्या पोटात, दोन पुरुष खोलीवर, एक ओला थर होता. पहिल्या वर्षांत तो दोऱ्याएवढा दिसत होता. वर्षागणिक जाड होत, खाली पायथ्याकडे सरकत चालला होता. त्याच्यावरची माती दरवर्षी आणखी भुसभुशीत. घणाचा हादरा तिथे रेंगाळायला लागला होता, म्हातारा माणूस जिन्यात रेंगाळावा तसा.

टाचणीचा चेहरा आनंदाने फुलला होता, आणि ते साहजिक होतं. पहिलंवहिलं स्वतःचं काही सापडलं होतं. बाईंना मात्र खुर्ची ओढून बसावं लागलं. कारण त्याच पायथ्याशी आठवड्यापूर्वी त्यांनी चुन्याच्या रेघा मारलेल्या पाहिल्या होत्या. तिथे वसाहत उभी राहणार होती, बैठ्या घरांच्या तीन रांगा.

त्यांनी तुकडीला पुन्हा उतारावर नेलं, सगळं पुन्हा मोजून घेतलं. तेच आलं. मग अहवाल लिहून प्रमुखांकडे दिला. वसाहत बांधणाऱ्या खात्याने संस्थेचं मत मागवलेलंच होतं, तेव्हा आता हे मत जाईल आणि काम थांबेल, असं बाईंनी धरलं. एवढी वर्षं नोकरी करूनही बाई इतक्या भोळ्या कशा राहिल्या, हे त्यांचं त्यांनाच पुढे कळेना.

मत गेलं ते वेगळंच. वकिलाच्या सहीचं. त्यात लिहिलं होतं की या उतारावरची संस्थेकडची माहिती ही प्रशिक्षणार्थींनी सरावासाठी गोळा केलेली असून, तिच्यातील असंख्य त्रुटी त्यांनी स्वतःच वेळोवेळी नमूद केल्या आहेत. सबब ती निर्णयाला आधार म्हणून धरता येत नाही. नमुन्यादाखल त्रुटी उतरवल्या होत्या: सैल खुंटी, सायकल, डुलकी. टाचणीच्या हातचं एक वाक्यही होतं, ‘केबलचा जोड ओला झाल्याचा संशय, शेवटच्या दोन नोंदींवर भरवसा ठेवू नये.’ वसाहतीच्या ठेकेदाराने भर उन्हाळ्यात, जमीन वाळून टणक झालेली असताना, आपली माणसं लावून घाईघाईने एक मोजणी उरकली होती. तिच्यात एकही त्रुटी नमूद नव्हती. ती ग्राह्य धरण्यात आली.

बाई वकिलाच्या खोलीत गेल्या आणि मागे दार लावून घेतलं.

‘ही तुझी सही आहे,’ त्या म्हणाल्या. दार लावल्यावर अहो-जाहो गळून पडलं.

‘आहे.’

‘त्या उतारावर तू स्वतः खुंट्या ठोकल्यास.’

‘म्हणूनच सही करता आली.’ त्याने पेनाचं टोपण लावलं आणि पेन सरळ रेषेत ठेवलं. ‘बाई, तुमच्या त्या आकड्यांत माझंही एक वर्ष आहे. त्यातले निम्मे मी झाडाखाली बसून लिहिले होते. ऊन होतं, हाताला फोड आले होते. तुम्हाला पत्ता लागला नाही. उलट तुम्ही ते नमुना म्हणून दाखवत राहिलात.’

बाई म्हणाल्या, ‘खरं सांगतोयस?’

‘ते तुम्हीच ठरवा. खोटे आकडे ओळखायला तुम्हीच शिकवता ना?’ मग त्याचा आवाज मऊ झाला, तापात असायचा तसा. उतार कदाचित सरकेल, कदाचित आपण सगळे मेल्यावर सरकेल, असं तो म्हणाला. पण आज आपण शिकाऊंच्या कागदांवर एका खात्याचं काम अडवलं, तर उद्या संस्थेच्या नव्या इमारतीची फाईल तेच खातं अडवणार. बाईंनी समजून घ्यावं, चहा घ्यावा.

बाईंनी चहा घेतला नाही. गॅरेजमध्ये येऊन त्यांनी वकिलाच्या वर्षाचे आकडे उघडले. इतकी वर्षं ज्या गोष्टीचं कौतुक केलं, तीच आता डोळ्यांत खुपायला लागली. एकही चूक नोंदलेली नव्हती. आकडे कसे गुळगुळीत, नदीतल्या गोट्यांसारखे. हे त्याने खरोखर झाडाखाली बसून लिहिले होते, की आज वाद जिंकायला तसं म्हणाला होता? वकिलाच्या बाबतीत हे सांगता येणं शक्य नव्हतं. बाईंनी ते अख्खं वर्ष वगळलं आणि टाचणीला चित्र पुन्हा काढायला सांगितलं. ओला थर जिथल्या तिथे होता. वकील असला काय नि नसला काय, उताराला फरक पडत नव्हता. फरक पडला तो बाईंना.

टाचणीने संगणक बंद केला आणि विचारलं, ‘बाई, तो ओला जोड मी लिहिला नसता तर?’

‘तर काय?’

‘तर त्यांना आपलं ऐकावं लागलं असतं का?’

बाईंकडे प्रत्येक तुकडीच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर असे, आणि नसलं तर ‘बघून सांगते’ असं तरी असे. त्या दिवशी त्या केबल गुंडाळत राहिल्या. वेटोळं पूर्ण झालं, भिंतीवर गेलं. महिनाअखेर टाचणीने राजीनामा दिला आणि एका खासगी मोजणी कंपनीत गेली. जाताना पाया पडायला वाकली तेव्हा बाईंनी तिला खांद्याला धरून उभं केलं.

खात्याला बाईंनी स्वतःच्या नावाने पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही. पालथ्या घड्यावर किती ओतणार? आणि मग एके संध्याकाळी धाकटा पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आला. वसाहतीत घर लागलं होतं, खालच्या रांगेत, कडेचं. भाचीला स्वतंत्र खोली, पुढे अंगणाएवढी जागा, ताईसाठी मागची शांत खोली.

बाईंनी पुडा बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, तिथे घ्यायचं नाही. त्यांनी कागदावर उतार काढून दाखवला, थर दाखवला. धाकट्याने शांतपणे ऐकून घेतलं. लहानपणापासून तो बाईंचं ऐकतच आला होता, आणि ऐकून ऐकून माणसाला एक दिवस कंटाळा येतो.

‘ताई, तुमच्या संस्थेनेच लिहून दिलंय ना, जागा चांगली म्हणून?’

‘दिलंय. ते चुकीचं आहे.’

‘सही कुणाची आहे?’

बाईंनी उताराच्या कागदाची घडी घातली.

‘तूच शिकवलेला ना तो? मग एक तर तू शिकवलंस ते चुकीचं, नाही तर तो म्हणतो ते बरोबर.’

भावजय भांडी पुसत उभी होती. ती म्हणाली, ताईंनी आयुष्यभर जमिनीतलं वाईट तेवढंच शोधलं, चांगलं कधी काही दिसलंच नाही. ती हे थट्टेत म्हणाली आणि बाईंना ते थट्टेत घेता आलं नाही. त्या उठून आत गेल्या. नंतर एकदा, जाता जाता, त्यांनी विषय काढला. त्यानंतर नाही. सांगायचं ते सांगितलं, असं त्यांनी मनाशी म्हटलं. मोजणी देणं आपलं काम, पुढे ज्याची त्याची अक्कल. बाईंचा मान मोठा होता आणि तो आयुष्यात फार ठिकाणी दुखावला गेला होता. घरात तरी त्या तो परत परत पुढे करणार नव्हत्या.

निवृत्तीनंतर धाकट्याने नव्या घरातल्या त्यांच्या खोलीला रंग दिला, खिडकीला पडदे लावले. बाई गेल्या नाहीत. त्यांनी बाजारातल्या एका छापखान्याच्या माडीवर खोली भाड्याने घेतली, जिथे दिवसभर यंत्राच्या धडधडीने तांब्यातलं पाणी हलायचं. धाकटा पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडला. लोक काय म्हणतील, भावाने थोरल्या बहिणीला घराबाहेर काढलं? बाई म्हणाल्या, लोकांना सांग, बहीण विक्षिप्त आहे. ते त्याने सांगितलं असावं, कारण लोकांनी लगेच मानलं.

पहिली दोन वर्षं काही झालं नाही. बाई सणावाराला जात, पुढच्या खोलीत बसून परत येत, मुक्कामाला राहत नसत. मागची खोली त्यांच्या नावाने रिकामीच राहिली. कधी कधी त्यांना वाटे, आपणच चुकलो असू. शप्पथ, तसं वाटलं की त्यांना बरंच वाटायचं.

तिसऱ्या वर्षी पाऊस थांबायचं नाव घेईना. त्या काळात भाचीला पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला म्हणून बाई भेटायला गेल्या, तेव्हा अंगणात सुतार रंधा मारत बसला होता. त्याच्या पायाशी भुशाचा ढीग. तो खुशीत होता. खालच्या रांगेत प्रत्येकाचं दार घासायला लागलंय, असं त्याने बाईंना सांगितलं. पावसाने लाकूड फुगतं, दुसरं काय! एका घरचं होतं न होतं तोवर दुसऱ्या घरून बोलावणं. बाईंनी दार हाताने ढकलून पाहिलं. लाकूड फुगलेलं नव्हतं, चौकट तिरपी झाली होती. मागच्या खोलीच्या फरशीत एक फट होती, तिच्यात कुणीतरी नीटनेटकं सिमेंट भरलं होतं. घरामागच्या संरक्षक भिंतीला पोट आलं होतं.

या वेळी बाईंनी मान बाजूला ठेवला. भांडल्या, रडल्या, आजच्या आज निघा म्हणाल्या. धाकट्याचाही चेहरा उतरला. पण घर असं उचलून कुठे न्यायचं? आठवडाभरात बघतो, म्हणाला. भाचीला बाई त्या संध्याकाळीच आपल्याबरोबर घेऊन गेल्या. तिथून त्यांनी वकिलाला फोन केला. तो नम्रपणे बोलला. पाऊस उघडला की माणसं पाठवतो, ओल्यात यंत्रं नेली तर आकडे नीट मिळत नाहीत, हे तुम्हीच शिकवलंय, म्हणाला.

आठवडा पुरा झालाच नाही. एका दुपारी, जेवणं आटोपून रांगेत सामसूम असताना, उतार सरकला. वाचलेल्यांनी सांगितलं की मोठा आवाजही झाला नाही, पोतं फाडून धान्य ओतावं तसं झालं. संरक्षक भिंत आडवी झाली आणि खालची रांग मधोमध गाडली गेली. पुरुष कामावर होते म्हणून वाचले. शेजारचं म्हातारं जोडपं गेलं, पलीकडची बाळंतीण आणि तिचं बाळ गेलं, आणि त्यांच्या घरी दार घासायला बसलेला सुतार गेला. धाकट्याचं घर कडेचं. ते अर्धं राहिलं. भावजयीला ढिगाऱ्यातून काढलं तेव्हा तिची कंबर मोडली होती.

बाई इस्पितळात पोचल्या. धाकटा बाकावर बसून होता, त्याने वर पाहिलं नाही. दोन दिवसांनी भावजय शुद्धीवर आली. बाई कॉटजवळ गेल्या आणि तिच्या कपाळावर हात ठेवला. एरवी ती त्यांना ताई म्हणे. त्या दिवशी तिने जुनी, परकी करणारी हाक मारली.

‘वन्सं, तुम्हाला माहीत होतं.’

‘मी सांगितलं होतं गं.’

‘सांगितलं होतंत. येताना भाजी आणा म्हणून सांगतात तसं.’ तिला श्वास पुरत नव्हता, तरी ती थांबली नाही. ‘स्वतः मात्र खोली घेतलीत. तुमचा तुमच्या मोजणीवर केवढा विश्वास, ते तेव्हा दिसलं. आम्हाला हाताला धरून ओढलं असतंत तर?’

बाईंनी हात काढून घेतला. यातला एकही शब्द खोटा नव्हता.

चौकशी समिती नेमली गेली. वरातीमागून घोडं, पण घोडं चांगलं सजवलेलं. वकिलाने तिथे अशी बाजू मांडली की ऐकणाऱ्याने थक्क व्हावं. संस्थेने वर्षानुवर्षं या उताराची नोंद ठेवली होती. इतकी प्रदीर्घ नोंद क्वचितच कुठे असेल. दुर्दैवाने प्रशिक्षण विभागाने ती वेळेत त्रुटिमुक्त करून, योग्य स्वरूपात सादर केली नाही. मग समितीने बाईंना विचारलं, आपल्या देखरेखीखाली इतक्या चुका झाल्या हे खरं का? बाई म्हणाल्या, चुका सगळ्यांच्या देखरेखीखाली होतात, माझ्या देखरेखीखाली त्या लिहिल्या जात. समितीच्या लिपिकाने फक्त ‘होय’ असं टिपून घेतलं.

सगळी वर्षं एकत्र करून ते चित्र काढणारी टाचणी होती. तिने येऊन एवढं सांगितलं असतं तरी पारडं जरा सरळ झालं असतं. बाईंनी तिला फोन लावला. ती आता कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होती. तिने सगळं ऐकून घेतलं, मेलेल्यांची चौकशी केली. पण येणार नाही म्हणाली. कंपनीची अर्धी कामं त्याच खात्याकडून येत होती.

‘आणि बाई, दुसरं असं की मी आता चुकांचे शेरे लिहीत नाही,’ ती म्हणाली. ‘अहवालात चूक दिसली की पाठवणाऱ्या पोराला मी माझ्यासमोर बसवते आणि आकडे साफ करून घेते. आमचे अहवाल कधी परत येत नाहीत.’ मग, अगदी मनापासून, ‘तुमच्याकडेच शिकले ना मी, काय लिहिलं की काय होतं ते.’

बाईंनी फोन ठेवला. खाली छापखान्याचं यंत्र चालूच होतं. समोरच्यावर ओरडता येईल असं त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं.

समितीने ठपका कुणावरच ठेवला नाही, निसर्गावर ठेवला. वकिलाची वर बदली झाली. जाण्याआधी त्याने मोडलेल्या उतारावर कायमची यंत्रं बसवून घेतली आणि तिथे नव्या शास्त्रज्ञांसाठी प्रशिक्षण केंद्र उघडलं. डिझेलची अडचण मिटली. उद्घाटनाला बाईंनी दोन शब्द बोलावेत, अशी विनंती घेऊन एक तरुण माडीवर आला. चांगला होता पोरगा, बुटांना ताजा चिखल होता. बाईंनी त्याला पाणी दिलं, उतारावर जाताना दोर बांधूनच जा म्हणून बजावलं, आणि नाही म्हणून सांगितलं. का, असं त्याने विचारलं. मला बोलता येत नाही, बाई म्हणाल्या, आलं असतं तर तिथे घरंच बांधली गेली नसती.

धाकटा, भावजय आणि भाची आता छापखान्यापासून दोन गल्ल्यांवर राहतात. धाकटा बोलतो, पण बाईंच्या चेहऱ्याकडे न बघता. भावजयीला व्यायामासाठी इस्पितळात न्यावं लागतं. धाकट्याला कामावरून सुटी मिळत नाही, भाचीचे वर्ग असतात, म्हणून बाई जातात. इस्पितळाचा तो व्हरांडा लांब आहे, एका बाजूला लोखंडी दांडा, दुसऱ्या बाजूला खिडक्या. भावजय दांडा धरून एकेक पाऊल टाकते. तिच्या कपाळावर घाम येतो, ओठ आवळलेले असतात.

एकदा तिचा पाय लटपटला तेव्हा बाईंनी तिच्या दंडाला धरलं आणि म्हणाल्या, माझ्यावर भार टाक, टाक सगळा.

भावजयीने दंड सोडवून घेतला. ‘नको,’ ती म्हणाली. ‘तुम्ही नुसत्या बाजूने चाला.’

बाई बाजूने चालल्या.